नडगीभोवतीची ती रिंग आली कुठून?

माझ्या मामाच्या पायात नऊ महिने रिंग होती, म्हणजे नडगीभोवती धातूची कडी आणि त्यांना बांधलेल्या, हाडातून आरपार गेलेल्या तारा. बाइकवरून पडला, नडगीचे तीन तुकडे आणि हाड कातडी फाडून बाहेर. आधी रॉड टाकला, त्यात पू झाला, मग रॉड काढून रिंग बसवली. दिवसातून चार वेळा दहा नंबरच्या पान्याने नट पाव-पाव फिरवायचा, ते काम माझं होतं, म्हणून ही गोष्ट मला मनापासून सांगायचीय.

नडगीचं दुखणं मुळात असं की पुढच्या बाजूला हाडावर मांस नाहीच, नुसती कातडी. त्यामुळे हाड मोडलं की जखम उघडी पडायची भीती, आणि खालच्या भागात रक्तपुरवठाही कमी, म्हणून जुळायला वेळ लागतो. १८५२ मध्ये मॅथायसन या डच लष्करी डॉक्टरने प्लॅस्टरच्या पट्ट्या आणल्या, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत कुंचरने हाडाच्या पोकळीत रॉड घालायला सुरुवात केली. साध्या फ्रॅक्चरला हे चालतं, पण चुरा झालेलं, पू धरलेलं हाड असलं की अवघड, आणि तेव्हा बऱ्याचदा पायच कापायची वेळ यायची.

ही रिंग ज्याने आणली तो गाव्रिल इलिझारोव्ह १९४४ मध्ये डॉक्टर झाला आणि सैबेरियातल्या कुर्गान भागात एका खेड्यात रुजू झाला. युद्धातून आलेले, हाडं न जुळलेले लोक समोर, आणि हाताशी साधनं जवळपास नाहीत. त्याने बारीक तारा हाडातून आरपार घालून त्या ताणून बाहेरच्या धातूच्या कड्यांना बांधल्या, सुरुवातीला सायकलच्या स्पोक वापरल्या असंही सांगतात. तुकडे एकमेकांवर दाबायचे हा मूळ विचार. पण एका पेशंटने म्हणे नट उलटा फिरवला, तुकडे लांब गेले आणि मधल्या फटीत नवीन हाड तयार झालेलं दिसलं! त्यातून तुकडे दिवसाला एक मिलिमीटर लांब न्यायचे, तेही दिवसातून चार वेळा थोडे-थोडे, हा हिशोब पक्का झाला. मी फिरवायचो तो नट हाच.

मॉस्कोतल्या मोठ्या डॉक्टरांनी त्याला बरीच वर्षं मानलं नाही. मग १९६४ चा ऑलिंपिक उंच उडी विजेता वालेरी ब्रुमेल, १९६५ मध्ये मोटरसायकल अपघातात ज्याची नडगी चुरली होती आणि कितीतरी ऑपरेशन्स करूनही जुळत नव्हती, तो १९६८ मध्ये कुर्गानला गेला, आणि नंतर परत दोन मीटरच्या वर उडी मारली. लोकांचे डोळे उघडले ते तेव्हा. तरी पश्चिमेकडे कळायला अजून एक पेशंट लागला, इटलीचा गिर्यारोहक कार्लो माउरी. त्याची नडगी वीसेक वर्षं बिघडलेलीच होती, तो १९८० मध्ये कुर्गानला गेला आणि बरा होऊन आला, ते बघून इटलीच्या सर्जननी १९८१ मध्ये इलिझारोव्हला लेक्चरला बोलावलं.

मामाच्या एक्सरेत आधी फटीत ढगासारखं धूसर काहीतरी दिसायचं, मग ते महिन्यागणिक पांढरं होत गेलं. रिंग काढली तेव्हा तारांच्या जागी बारीक काळे ठिपके राहिले होते, ते अजून आहेत.