भिंतीपाशी आला की रोबो बिघडायचा

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या गल्लीतली आठवीतली एक मुलगी संध्याकाळी बुटाचं खोकं घेऊन दारात उभी राहिली. खोक्यात तिचा रोबो होता. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, शाळेत प्रदर्शन होतं. रोबोचं काम साधं: पुढे जायचं, समोर भिंत आली की मागे यायचं, वळायचं, पुन्हा पुढे. हातात उचलून चाकं हवेत फिरवली की सगळं बिनचूक चालायचं. फरशीवर सोडला की मात्र भिंतीपर्यंत झकास जायचा, मागे येण्यासाठी एक हिसका द्यायचा आणि पुन्हा भिंतीवरच जाऊन आदळायचा. दर वेळी तसंच.

“काका, कोड चारदा तपासला ओ. ताईनं पण बघितला. त्यात काहीच चूक नाही.”

खरंच नव्हती. मी ओळ न् ओळ वाचली. हल्ली रोबो म्हटलं की पालकांच्या डोळ्यांसमोर कोडिंग येतं आणि जाहिरातींमध्ये तर त्याच्या पुढे जाऊन ‘एआय’ येतं. पण फरशीवर चालणाऱ्या रोबोत प्रोग्राम हा सगळ्यात आज्ञाधारक भाग असतो. लिहिलं तेवढंच तो करतो. हट्ट करते ती मोटर, आणि तिचा हट्ट समजायला संगणक लागत नाही, दहावीपर्यंतचं विज्ञान पुरतं. क्लासच्या जाहिरातीत एआय शब्द मोठा छापलेला असतो आणि मुलाच्या हातात मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज, करंट आणि रोध मोजायचं साधन, कधीच दिलेला नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रोबोच्या पत्र्याला एक काळा दोरा बांधलेला होता. आजीनं बांधला होता. त्यांच्या घरी तेलुगू बोलतात. आजीच्या शब्दांत रोबोला ‘दिष्टी’, म्हणजे नजर, लागली होती. मुलगी जरा संकोचून म्हणाली, “पण काका, दोरा बांधल्यावर सकाळी तीनदा नीट चालला.” हे खोटं नव्हतं. बॅटरी दमवून रात्रभर तशीच ठेवली की आतली रासायनिक द्रव्यं पुन्हा सारखी पसरतात, व्होल्टेज थोडा सावरतो, आणि सकाळच्या पहिल्या काही फेऱ्या ती बॅटरी जोरात देते. श्रेय जातं दोऱ्याला. आजीची माया खरी आहे, तिच्याबद्दल मला आदरच आहे; पण दोरा आणि विश्रांती एकाच रात्री झाली तर कशामुळे काय झालं हे तपासायचं असतं. दोरा काढून रात्रभर बॅटरी ठेवून बघ, एवढंच मी तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोऱ्याशिवायही रोबो तीन-चारदा नीट चालला, आणि मग पुन्हा भिंतीवर.

मग आम्ही एक छोटी युक्ती केली. प्रोग्रामच्या अगदी पहिल्या ओळीत बझर एकदा वाजवायचा. रोबो चालू केला की एक ‘टीं’ व्हायला हवी, त्यानंतर एकही नाही. फरशीवर सोडला. टीं. भिंतीपर्यंत गेला, मागे येण्यासाठी हिसका दिला, आणि, टीं. तिनं माझ्याकडे बघितलं. रोबो गोंधळत नव्हता, तो तिथे मरून पुन्हा जन्माला येत होता. तिच्या प्रोग्रामची सुरुवात ‘दोन सेकंद सरळ पुढे’ अशी होती, म्हणून नव्यानं जागा झाला की तो इमानेइतबारे भिंतीवर जात होता.

रोबोचा प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड म्हणजे आर्डुइनो ऊनो, आणि त्यावर एटीमेगा ३२८ नावाची चिप असते. या बोर्डावर तिला ५ व्होल्ट मिळतात, आणि पुरवठा २.७ व्होल्टच्या आसपास खाली गेला की ती स्वतःच स्वतःला थांबवून पहिल्यापासून सुरुवात करते. अर्धवट विजेवर चुकीचं काही करण्यापेक्षा ते बरं. मग भिंतीपाशीच पुरवठा का कोसळतो?

आधी एक गैरसमज बाजूला करू. चिप मोटर फिरवत नाही. तिच्या एका पिनमधून सुरक्षितपणे साधारण २० मिलिअँपिअर घेता येतात, ४० च्या वर तर ती जळू शकते. पिवळ्या डब्यातली बीओ मोटर, जी बहुतेक मुलांच्या रोबोत असते, ती मोकळी फिरतानाही दीडशेच्या वर घेते. सोलापूरकरांना हे चादरीवरून समजावता येतं. या मुलीचे वडील जॅकार्ड लूमवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, काम करतात. १८०४ मध्ये फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकारनं बनवलेल्या या यंत्रात भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं असतात. भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा आकडा सुरीवर, म्हणजे वरखाली होणाऱ्या पट्टीवर, अडकलेला राहतो, आणि सुरी वर गेली की ताण्याचा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, आकडा सुरीवरून सुटतो, धागा खालीच राहतो. कोणता धागा उचलायचा हे पुठ्ठा सांगतो. उचलण्याचं बळ लूमच्या शाफ्टमधून येतं. चिप म्हणजे पुठ्ठा. बळ बॅटरीचं, आणि मधल्या सुरीचं काम मोटर ड्रायव्हर करतो. त्याच्यात प्रत्येक मोटरसाठी चार विजेचे दरवाजे असतात, तिरपे समोरासमोरचे दोन उघडले की मोटर सुलट, उरलेले दोन उघडले की उलट. बस, इतकंच.

आता खरी गोष्ट मोटरच्या पोटात आहे, आणि मला ती इतकी आवडते की थोडा वेळ तिथेच थांबणार आहे.

एक बीओ मोटर घ्या, कशालाही न जोडता. तिचं चाक हातानं जोरात फिरवा, सहज फिरतं. आता मोटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून पुन्हा फिरवा. चाक जड होतं, जणू आत काकवी भरली आहे. वायरी सोडा, पुन्हा हलकं. बॅटरी कुठेच नाही. मी हे शंभरेक मुलांच्या हातात दिलं असेल, आणि वायरी जुळल्यावर चाक हाताला अडतं तेव्हा प्रत्येकाचा चेहरा एकसारखाच होतो. वायरींच्या मध्ये लाल एलईडी धरला आणि चाक झटकन फिरवलं तर तो लुकलुकतो. नाही लागला तर उलट्या दिशेनं फिरवा.

दहावीच्या पुस्तकात मोटर एका पानावर आणि जनित्र दुसऱ्या पानावर असतं, एकाला डाव्या हाताचा नियम, दुसऱ्याला उजव्या हाताचा. त्यामुळे मुलांना ती दोन यंत्रं वाटतात. यंत्र एकच आहे. फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलं की तारेचं वेटोळं आणि चुंबक एकमेकांच्या सापेक्ष हलले की तारेत व्होल्टेज तयार होतो. मोटर फिरत असताना तिचं वेटोळं चुंबकाच्या मधूनच फिरत असतं. ते बॅटरीनं फिरवलं की हातानं, याची त्या वेटोळ्याला फिकीर नाही. म्हणजे चालू असलेली प्रत्येक मोटर त्याच क्षणी जनित्रही असते, आणि तिचा व्होल्टेज बॅटरीच्या विरुद्ध दिशेनं ढकलत असतो. इंजिनिअरिंगची मुलं याला बॅक ईएमएफ म्हणतात, मी मुलांना ‘उलटा दाब’ म्हणून सांगतो. १८७३ च्या व्हिएन्नाच्या प्रदर्शनात झेनोब ग्राम या संशोधकाच्या एका जनित्राला दुसऱ्या चालू जनित्राच्या वायरी जोडल्या गेल्या आणि ते मोटरसारखं फिरू लागलं, तेव्हा हे नातं सगळ्या जगाला दिसलं.

आता आकडे. आम्ही मल्टिमीटरनं त्या मोटरचा रोध मोजला, सुमारे ४ ओहम. तिची बॅटरी ९ व्होल्टची चौकोनी होती. ड्रायव्हर त्यातले दोनेक व्होल्ट स्वतःच खातो, बॅटरी भाराखाली थोडी बसते, मोटरपर्यंत ६ पोहोचतात असं धरू. ओहमच्या नियमानं ६ भागिले ४ म्हणजे १.५ अँपिअर. पण मोकळी फिरताना मीटर दाखवतो ०.१६! ओहमचा नियम चुकला का? नाही. ०.१६ गुणिले ४ म्हणजे ०.६४ व्होल्ट, एवढाच दाब वेटोळ्यात करंट ढकलायला उरलेला आहे. बाकीचा ५.३६ व्होल्ट उलट्या दाबानं अडवून धरला आहे. मोटर जितकी जोरात फिरते तितका उलटा दाब जास्त आणि करंट कमी. चाक हातानं थांबवा, उलटा दाब शून्य, करंट १.५ अँपिअर. थांबलेली मोटर फिरत्या मोटरपेक्षा नऊपट जास्त खाते. घरी बोअरची मोटर सुरू करताना दिवा क्षणभर का मंदावतो, त्याचं मूळही इथेच. ती एसी मोटर आहे, तिचं गणित थोडं वेगळं, पण उभी असताना तिच्यातही अडवणारा दाब नसतो आणि ती नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते.

आणि भिंतीपाशी? तिथे रोबो थांबून मग मागे येत नव्हता. प्रोग्राम पुढच्या क्षणी दिशा उलटवत होता. दरवाजे बदलले, बॅटरीचा दाब उलटला, पण चाक अजून पुढेच फिरतंय. आतापर्यंत जो ५.३६ व्होल्ट बॅटरीला अडवत होता, तो आता तिच्याच बाजूनं ढकलू लागला. ६ अधिक ५.३६, म्हणजे ११.३६ व्होल्ट, ४ ओहमवर. जवळजवळ २.८ अँपिअर. दोन मोटर, म्हणजे साडेपाचच्या वर. ती चौकोनी बॅटरी मल्टिमीटरमध्ये वर्ष-वर्ष टिकते, कारण तिथे काही मिलिअँपिअरच लागतात. तिच्या पोटात सहा छोटे सेल आहेत, साडेपाच अँपिअर मागितल्यावर तिचा व्होल्टेज कोसळणारच. बोर्डही त्याच बॅटरीवर. टीं.

हातात उचलून चालवल्यावर बिघाड का दिसत नव्हता, तेही यातच आलं. हवेत फक्त चाकाचाच वेग मोडायचा असतो, तो झटक्याचा काळ काही मिलिसेकंदांत संपतो. फरशीवर अख्ख्या रोबोचं वजन चाकाला पुढे रेटत राहतं, झटका लांबतो.

उपाय तिनं स्वतः सुचवला: “मग आधी थांबवू या ना.” प्रोग्रामात पुढे आणि मागे यांच्या मध्ये तीनशे मिलिसेकंदांचा थांबा टाकला. थांबा म्हणताना ड्रायव्हर मोटरच्या दोन्ही वायरी आतून एकमेकींना जोडतो. काकवीचाच प्रयोग. चाक आपल्याच विजेनं आवरतं, बॅटरीकडून काही मागत नाही. चौकोनी बॅटरीच्या जागी १८६५० या मापाचे दोन लिथियम सेल लावले, होल्डरसकट. त्यांच्या टोकांना कधीही थेट सोल्डरचा डाग द्यायचा नाही आणि खिशात किल्ल्यांबरोबर ठेवायचे नाहीत, शॉर्ट झाले तर आग लागते. बोर्डाच्या पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, आणि त्याच्याआधी वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा एक डायोड लावला, म्हणजे साठवलेली वीज मोटरकडे परत पळणार नाही. बोर्ड ५० मिलिअँपिअर घेतो असं धरलं तर व्होल्टेज २ व्होल्टनं उतरेपर्यंत तो कपॅसिटर ४० मिलिसेकंद बोर्डाला सांभाळतो.

फरशीवर सोडला. टीं. भिंत, क्षणभर थांबणं, मागे, वळण, पुढे. पंधरा मिनिटं ती त्याच्या मागेमागे खोलीभर फिरत होती, बझर पुन्हा वाजला नाही.

जाताना दारात थांबून तिनं विचारलं, “थांबताना मोटर वीज बनवते म्हणालात ना काका, ती जाते कुठं?” आपल्या रोबोत ती वेटोळ्यात आणि ड्रायव्हरमध्ये उष्णता होऊन संपते, बोट लावलं तर ड्रायव्हरचा पत्रा कोमट लागतो. पण १० फेब्रुवारी २०२३ पासून सोलापूरहून मुंबईला जी वंदे भारत धावते, ती भोर घाट उतरताना ब्रेक लावते तेव्हा तिच्या मोटरही जनित्र होतात आणि ती वीज डोक्यावरच्या तारेत परत जाते, घाटात दुसरी गाडी वर चढत असेल तर तिला ती उपयोगी पडते. “म्हणजे उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला ओढते?” असं म्हणून ती खोकं काखेत घेऊन जिन्यावरून पळत खाली गेली.