थायरॉइडच्या गाठींची सोनोग्राफी

थायरॉइड म्हणजेच अवटु ग्रंथीतली गाठ साधी की कर्करोगाची, याचा अंदाज घेण्याची पहिली आणि सर्वांत उपयोगी तपासणी. अशा गाठी फार सामान्य आहेत. हाताला लागणाऱ्या गाठी साधारण ५ टक्के स्त्रियांत व १ टक्का पुरुषांत आढळतात; सोनोग्राफीने शोधायला बसले तर काही पाहण्यांत त्या निम्म्याहून अधिक लोकांत निघाल्या आहेत. रीतसर तपासल्या गेलेल्या गाठींपैकी कर्करोगाच्या ठरतात त्या साधारण ७ ते १५ टक्के. थायरॉइडची रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणून कर्करोग नाही असे धरता येत नाही, कारण अशा गाठींत संप्रेरकांचे प्रमाण बहुधा बिघडतच नाही.

रुग्णाला उताणे झोपवून खांद्यांखाली उशी देतात, म्हणजे मान मागे जाऊन गळा वर येतो. जेल लावून सरळ तोंडाचा, साधारण ७ ते १५ मेगाहर्ट्झचा प्रोब (ध्वनिलहरी सोडणारे, हातात धरायचे उपकरण) फिरवतात. उपाशीपोटी येण्याची गरज नसते, आणि क्ष-किरण नसल्याने तपासणी कितीही वेळा करता येते. (तपासणी गळ्याची असली, तरी सेंटरच्या भिंतीवर गर्भलिंग निदान होत नसल्याची पाटी असतेच, कारण यंत्राची नोंदणी गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याखालीच होते.)

पडद्यावर आधी पाहतात गाठीचा पोत. निव्वळ पाण्याची गाठ काळीभोर दिसते आणि ती निर्धोक असते. आंबोळीला पडावी तशी बारीक जाळी सगळ्या गाठीभर असेल, तर तीही जवळजवळ नेहमीच साधी. घन गाठ आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा काळसर असेल, कडा दातेरी असतील किंवा ती ग्रंथीबाहेर घुसली असेल, तर संशय वाढतो. आकाराची एक खूण मोठी बोलकी आहे. साधी गाठ सहसा आडवी, त्वचेला समांतर वाढते. आडव्या छेदात रुंदीपेक्षा उंच, म्हणजे उभट दिसणारी गाठ ऊतींचे थर ओलांडून वाढत असल्याची शंका येते.

पांढऱ्या ठिपक्यांपाशी मात्र पाहणाऱ्याचा कस लागतो. पॅपिलरी कर्करोगात, म्हणजे थायरॉइड कर्करोगाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, कॅल्शियमचे सूक्ष्म, थरांचे कण साचतात आणि ते टाचणीच्या टोकाएवढे चमकतात. पण साध्या गाठीतला घट्ट झालेला कोलॉइडही (ग्रंथीत साठणारा चिकट द्रव) चमकतो. फरक इतकाच, की त्याच्या ठिपक्यामागे धूमकेतूसारखी शेपटी दिसते. प्रोब घाईत फिरवला तर ती शेपटी निसटते आणि साध्या गाठीला उगाच संशयित ठरवले जाते. हाशिमोटोच्या विकारात (यात शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉइडवरच उलटते) सगळी ग्रंथीच खडबडीत दिसते, तेव्हा गाठ आहे की गाठीचा भास, हेच आधी ठरवावे लागते. गळ्यातल्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड, जिथे कर्करोग पसरू शकतो) याच बैठकीत पाहायच्या असतात. त्यांचा उल्लेख नसलेला रिपोर्ट अपुरा समजावा.

या खुणांना गुण देणारी ‘टायरॅड्स’ ही पद्धत आज रूढ आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची आवृत्ती २०१७ मध्ये आली. समजा १.२ सेंटिमीटरची एक गाठ घन (२ गुण), काळसर (२) आणि उभट (३) आहे. एकूण ७ गुण, म्हणजे पाचवा, सर्वांत संशयास्पद गट; या गटात १ सेंटिमीटरपासून सुई घालून पेशी तपासतात. दुसरी गाठ २ सेंटिमीटरची, घन (२), ग्रंथीच्याच छटेची (१), आडवी व गुळगुळीत. ३ गुण, तिसरा गट. येथे सुई २.५ सेंटिमीटरनंतर, तोवर नुसती देखरेख. थोडक्यात, मोठी गाठ थांबू शकते आणि लहान गाठीला सुई लागते. नातेवाइकांना हे पटवणे डॉक्टरांना अनेकदा जड जाते.

सोनोग्राफी निदान करत नाही. सुई कोणाला लावायची एवढेच ठरवते. फॉलिक्युलर या थायरॉइड कर्करोगाच्या दुसऱ्या प्रकारात तर ती सहज फसते, कारण तो साध्या गाठीसारखाच गुळगुळीत दिसू शकतो. तेथे सुईही निकाल देत नाही. पेशींनी गाठीचे आवरण किंवा रक्तवाहिनी भेदली आहे का, हे शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठीतच दिसते.

लक्षणे नसताना सरसकट सोनोग्राफी करण्याचे परिणाम दक्षिण कोरियात दिसले. तेथे १९९९ मध्ये राष्ट्रीय कर्करोग तपासणी सुरू झाली. थायरॉइड तीत नव्हते, पण थोडे जादा पैसे घेऊन गळाही पाहिला जाऊ लागला. २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या सुमारे १५ पट झाले. मृत्यूंचे प्रमाण होते तिथेच राहिले. एरवी कधी त्रास दिला नसता असे असंख्य बारीक कर्करोग सापडले आणि त्यासाठी ग्रंथी काढल्या गेल्या. जपानमध्ये कोबे येथील कुमा रुग्णालयाने १९९३ पासून उलट वाट धरली: १ सेंटिमीटरपर्यंतच्या कमी जोखमीच्या पॅपिलरी कर्करोगावर लगेच शस्त्रक्रिया न करता ठरावीक काळाने सोनोग्राफी. तेथील १,२३५ रुग्णांपैकी १० वर्षांत गाठ ३ मिलिमीटर किंवा अधिक वाढली ती सुमारे ८ टक्क्यांमध्ये.