गॉलम लाव्ह्यात बुडेल की तरंगेल?

परवा रविवारी भाच्याला घेऊन 'द रिटर्न ऑफ द किंग' परत एकदा बघितला. २०१ मिनिटांचा पिक्चर, २००३ साली आलेला, अकरा नॉमिनेशन आणि अकराच्या अकरा ऑस्कर. शेवटाकडे माउंट डूम या ज्वालामुखीच्या पोटातला तो सीन येतो. जादूच्या अंगठीने झपाटलेला गॉलम नायक फ्रोडोचं बोट चावून तोडतो, अंगठी मिळवतो, झटापटीत कड्यावरून खाली जातो, आणि पडताना सुद्धा त्याच्या तोंडावर लहान मुलासारखा आनंद असतो. मग तो लाव्ह्यात हळूहळू आत जातो, शेवटी फक्त हात वर राहतो, हातात अंगठी. इथे भाच्याने पॉज केलं. तो अकरावी सायन्सला आहे. म्हणाला, "मामा, हे चुकीचं आहे. लाव्हा म्हणजे वितळलेला दगड, माणूस त्यात बुडूच शकत नाही, तरंगणार. मी रीलमध्ये बघितलंय."

रीलमधलं ते उत्तर मीही अनेकांना दिलेलं आहे. पण ते अर्धंच आहे, आणि राहिलेला अर्धा भाग जास्त भारी आहे, म्हणून हा लेख.

आधी जे बरोबर आहे ते. आर्किमिडीज शाळेत झालेला आहे. पाण्याची घनता १००० किलो प्रति घनमीटर, आपलं शरीर जवळपास तेवढंच, म्हणून नदीत छातीत हवा भरून घेतली तर तरंगतो, सोडली तर खाली जातो. बेसॉल्टचा, म्हणजे गोठल्यावर काळा दगड होणारा लाव्हा, त्यात हवा-वायू काही नाही असं धरलं तर, २६००-२७०० च्या घरात. म्हणजे माणसाचा जेमतेम चाळीस टक्के भाग आत जाईल आणि साठ टक्के वर राहील. पाऱ्यावर लोखंडी नट टाकला की तो लाकडासारखा तरंगतो, तोच प्रकार. मृत समुद्रात लोक पाठीवर पडून पेपर वाचतात, तिथलं पाणी साध्या पाण्यापेक्षा फक्त पाव पट जड असतं, इथे तर अडीच पटीहून जास्त.

शिवाय गॉलम वरून पडतोय. समजा तीस मीटर उंची. खाली पोचेपर्यंत वेग सेकंदाला चोवीस मीटर, म्हणजे ताशी पंच्याऐंशी किलोमीटरच्या वर. एवढ्या वेगाने एवढ्या जड द्रवावर आपटला तर फार आत जायच्या आधीच थांबेल, पाण्यात सूर मारल्यासारखं अजिबात होणार नाही, फरशीवर पडल्यासारखं होईल. त्यात लाव्ह्यावर बहुतेक वेळा गार झालेली काळी साय असते. रीलवाल्याचं इथपर्यंत सगळं बरोबर.

आता गुऱ्हाळात चला. कोल्हापूरकडे ज्याने काहिलीशेजारी उभं राहून रस उकळताना बघितलाय त्याला पुढचं पटकन कळेल. उसाचा रस तापतो, रानभेंडीचं पाणी घातलं की मळी वर येते, ती काढतात, मग रस आटायला लागतो आणि एका टप्प्यावर सगळी काहील फुगून वर येते, पिवळसर फेस, काठोकाठ. गुळव्या फावड्याने तो फेस सारखा खाली बसवत असतो. आता त्या वेळी काहिलीतला द्रव जड आहे का हलका? आटलेला रस पाण्यापेक्षा जडच की. पण तो फुगून आलेला फेस, म्हणजे रस अधिक वाफेचे बुडबुडे, तो पाण्यापेक्षा कितीतरी हलका. बाटलीभर काकवीचं वजन आणि बाटलीभर त्या फेसाचं वजन सारखं येणार नाही. द्रव तोच, फक्त त्यात जागा कोणी अडवलीये हे बदललं.

लाव्ह्यात अगदी हेच होतं. जमिनीखाली खोल असताना त्या वितळलेल्या दगडात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड हे वायू विरघळलेले असतात, सोड्याच्या बंद बाटलीत गॅस असतो तसे. वर यायला लागला की दाब कमी होतो आणि वायू सुटतात, बुडबुडे होतात, आणि लाव्हा पातळ नसून घट्ट असल्यामुळे ते बुडबुडे लगेच निसटून जाऊ शकत नाहीत, अडकून राहतात. किती घट्ट? पाण्याची विस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, ०.००१ पास्कल-सेकंद, मधाची ढोबळमानाने दहाच्या आसपास, आणि बऱ्यापैकी वाहता बेसॉल्टचा लाव्हा शंभर. म्हणजे पाण्याच्या एक लाख पट. ज्वालामुखीच्या तोंडात जी लाव्ह्याची तळी साठतात त्यांच्या वरच्या थरात म्हणूनच नुसता द्रव नसतो, फेस असतो.

आता हिशोब करा. भरीव लाव्हा २६५०. त्याची घनता माणसाइतकी म्हणजे १००० वर आणायची असेल तर किती भाग बुडबुडे पाहिजेत? साधारण ६२ टक्के. ऐकायला खूप वाटतं. पण ब्रेडमध्ये याहून जास्त हवा असते.

आणि हे कोणीतरी मोजलंय! हवाईमधल्या किलाउएया ज्वालामुखीच्या हालेमाउमाउ विवरात तेव्हा लाव्ह्याचं तळं होतं, त्याची घनता शास्त्रज्ञांनी काढली आणि २०१३ मध्ये छापली. लाव्ह्यात बादली बुडवून वजन करणं तर शक्य नाही, मग केलं कसं? तर विवराच्या काठावर गुरुत्वमापक ठेवला. हे यंत्र गुरुत्वाकर्षणातला अतिशय बारीक फरक पकडतं. तळ्याची पातळी काही दिवसांत, आठवड्यांत वर-खाली होत असे. पातळी वर आली की यंत्राजवळ वस्तुमान वाढलं, ओढ बदलली. खाली गेली की उलट. पातळी किती मीटर बदलली हे वेगळं मोजलेलं, विवराचा आकार माहीत, म्हणजे किती घनमीटर लाव्हा वाढला ते कळलं, आणि यंत्र सांगतंय किती किलो वाढले. भागाकार केला की घनता. उत्तर आलं ९५० किलो प्रति घनमीटर, तीनशे इकडे-तिकडे. पाण्यापेक्षाही कमी! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या, की हजार-अकराशे अंशाचा वितळलेला दगड आणि तो पाण्याइतका हलका.

मग अशा तळ्यात गॉलम पडला तर? शरीर १०००, फेस ९५०, फरक फक्त पन्नासचा. बुडेल, पण दगडासारखा नाही. घट्ट द्रवात गोळा किती वेगाने खाली जातो ते सांगणारं स्टोक्सचं सूत्र लावून बघितलं, म्हणजे घनतेतला फरक गुणिले गुरुत्व गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले विस्कॉसिटी, आणि पुढे दोन नवमांश. शरीर म्हणजे वीस सेंटिमीटर त्रिज्येचा गोळा धरला, विस्कॉसिटी शंभर, तर वेग येतो सेकंदाला चार सेंटिमीटरच्या आसपास. ढोबळ आहे, गॉलम काही गोळा नाही आणि फेसाची विस्कॉसिटी साध्या लाव्ह्यापेक्षा वेगळी असते, पण आकडा कुठल्या पट्टीतला आहे ते कळतं. म्हणजे अर्ध्या मिनिटात हळूहळू आत, हात शेवटी. पिक्चरमध्ये दाखवलंय जवळपास तसंच. भाच्याला हे करून दाखवलं तेव्हा त्याने कॅल्क्युलेटर माझ्या हातातून घेऊन स्वतः परत केलं.

पण पुढे अजून एक गोष्ट आहे. तो तळापर्यंत जाणार नाही. खाली दाब वाढत जातो, बुडबुडे दबून लहान होतात, काही परत विरघळतात, लाव्हा पुन्हा जड होतो. जिथे घनता १००० ला पोचेल तिथे तो मध्येच अडकेल, ना वर ना खाली. आणि शरीरात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, एका लिटर पाण्याची शंभर अंशाला सतराशे लिटर वाफ होते, तिथे तर तापमान त्याच्या दहापट, त्यामुळे शांतपणे बुडणं हा भाग काही खरा नाही, जोरात खळबळ होईल. इथिओपियात एर्ता आले नावाचा ज्वालामुखी आहे, त्याच्या तळ्यात कचऱ्याचं गाठोडं फेकल्याचा व्हिडिओ आहे, गाठोडं वरची साय फोडून आत जातं आणि मग तिथून लाव्ह्याची कारंजी सुरू होतात ती थांबेनात.

हे बुडबुडे बघायला हवाईला जायला नको. आपण राहतोच त्यांच्यावर. सह्याद्री आणि आजूबाजूचं पठार हे सगळं साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांमधून वाहिलेल्या लाव्ह्याचे थर आहेत, आजही पाच लाख चौरस किलोमीटर शिल्लक आहेत, १६४६ मीटरचं कळसूबाई म्हणजे त्याच थरांची रास. कुठल्याही घाटात रस्त्यासाठी कापलेली दरड नीट बघा. एका थरात वरच्या बाजूला भोकंच भोकं, मधे भरीव काळा दगड, आणि तळाशी कधी कधी पेन्सिलीएवढ्या उभ्या नळ्या. वर चढता चढता अडकलेले वायू आहेत ते, जागच्या जागी गोठलेले. मागे राजमाचीच्या वाटेवर ओढ्यातून मी दोन दगड आणले होते, साधारण मुठीएवढे. एक भरीव, एक भोकांचा. भोकांच्या दगडाला नखाने खरवडलं तर आतून मोहरीएवढे पांढरे स्फटिक चमकतात, काही भोकं पूर्ण भरलेली, काही रिकामी आणि आतून गुळगुळीत, जसं काही कालच फुगा फुटलाय. हे पांढरं म्हणजे झिओलाइट, नंतर गरम पाण्याने आणून भरलेलं. आपल्याकडे सरसकट गारगोटी म्हणतात, सिन्नरला गारगोटी नावाचं म्युझियमच आहे.

भाच्यासमोर दोन्ही दगड किचनच्या काट्यावर ठेवले. भोकांच्या दगडाला मेण चोपडलं म्हणजे पाणी आत शिरत नाही, मग काठोकाठ भरलेल्या पातेल्यात बुडवून सांडलेलं पाणी मोजलं. भरीव दगड पाण्याच्या २.९ पट, भोकांचा २.१ पट. तोच लाव्हा, तोच डोंगर.

भोकं अजून वाढत गेली की दगड पाण्यावर तरंगतो, त्याला प्युमिस म्हणतात. ते सह्याद्रीत मिळत नाही, त्याला जास्त सिलिका (वाळूतला मुख्य घटक) असलेला, स्फोट होऊन फुटणारा लाव्हा लागतो. १८८३ मध्ये इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला तेव्हा अशा दगडांचे तराफेच्या तराफे हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले होते. त्यामुळे पाण्याच्या टबात तरंगणारा दगड ठेवून, समोर दानपेटी ठेवून, चमत्कार म्हणून दाखवतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. कोणाच्या श्रद्धेबद्दल बोलत नाहीये मी. पण तो दगड हातात घेऊन बघू देत नाहीत, मुलांना त्याची भोकं मोजू देत नाहीत, ते चूक आहे. समुद्र ओलांडून आलेला दगडाचा फेस आहे तो, त्याची खरी गोष्ट काय कमी आहे का?

आता अंगठी राहिली. गॉलम गेल्यावर अंगठी लाव्ह्यावर काही वेळ तशीच पडून राहते, अक्षरं पेटतात, मग ती वितळते. सोन्याची घनता १९,३००. फेस असो नाहीतर भरीव लाव्हा, ती बुडणारच, आर्किमिडीजकडे दुसरं उत्तर नाही. पण किती वेळात, हे त्याने सांगितलेलं नाही, ते विस्कॉसिटी ठरवते. अंगठीसाठी अर्धा सेंटिमीटर त्रिज्या धरली आणि बेसॉल्टचा लाव्हा घेतला तर सेकंदाला साधारण एक सेंटिमीटर, म्हणजे लगेच गेली. पण पिक्चरमध्ये माउंट डूमसाठी जो डोंगर काही ठिकाणी वापरलाय तो न्यूझीलंडचा नाउरुहोए, उंची २२८७ मीटर, शेवटचा १९७७ मध्ये उद्रेक झालेला, आणि तो बेसॉल्टचा नाही, अँडेसाइटचा आहे. अँडेसाइटमध्ये सिलिका जास्त, त्यामुळे लाव्हा कितीतरी पट घट्ट. शंभर पट घट्ट धरला तर अंगठी सेकंदाला मिलिमीटरचा दहावा भाग एवढीच खाली जाईल, स्वतःच्या जाडीइतकं बुडायला अर्धं मिनिट तरी घेईल. म्हणजे ती वर पडून राहते यावर जे हसतात त्यांनी हा आकडा बघावा. अशा लाव्ह्यावर ती खरंच काही वेळ दिसत राहील.

जे खरंच चुकलंय त्याबद्दल कोणी बोलत नाही, ते म्हणजे फ्रोडो आणि त्याचा मित्र सॅम. तापलेली वस्तू किती उष्णता फेकते हे तापमानाच्या चौथ्या घातावर ठरतं, केल्विनमध्ये. ११०० अंश सेल्सिअस म्हणजे १३७३ केल्विन, त्याचा चौथा घात गुणिले स्टीफनचा स्थिरांक, उत्तर चौरस मीटरला दोन लाख वॉट. मे महिन्यात भर दुपारी आपल्या अंगावर पडणारं ऊन एक हजार वॉट. दोनशे सूर्य एकदम! साय धरून पृष्ठभाग पाचशे अंशावर आला तरी वीस सूर्य. फ्रोडो कड्याला एका हाताने लटकलेला असतो, खाली सगळं तळं लाल, आणि सॅम ओरडतोय की हात दे. तिथे बोलायला दोघांपैकी कोणी शिल्लक राहणार नाही, कपडे आधी पेट घेतील.

आणि वितळण्याचं म्हणाल तर शुद्ध सोनं वितळतं १०६४ अंशाला. सोनाराच्या मुशीत टाकणखार टाकून आच दिली की कडा आधी गोल होतात आणि मग एकदम सगळा थेंब आरशासारखा चमकतो, हे ज्याने बघितलंय त्याला माहितीये की तो क्षण मागे-पुढे होत नाही, तापमान गाठलं की गाठलं. बेसॉल्टचा लाव्हा ११०० ते १२००, त्यात अंगठी आरामात वितळेल, पण त्यात ती आधी बुडून दिसेनाशी होईल. अँडेसाइटमध्ये दिसत राहील, पण तो बऱ्याचदा हजार अंशाच्याही खाली असतो, आणि गार अंगठी भोवतालचा लाव्हा अजून गार करून स्वतःभोवती कवच करून घेते. भाच्याने विचारलं, "मग बावीस कॅरेटची असेल तर?" तांबं-चांदी मिसळलं की वितळायचं तापमान खाली येतं, त्यामुळे बावीस कॅरेटची असेल तर थोडी आशा आहे.