उन्हात ठेवल्याने गाडीचा जुना रंग लवकर सुटतो का?

"पेंट रिमूव्हर लावून गाडी भर उन्हात ठेवा, जुना रंग आपोआप सुटेल," असा सल्ला वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. उष्णतेने रासायनिक क्रिया वेग घेते, म्हणून तो पटतोही. परंतु अनेक रिमूव्हरमधील मिथिलीन क्लोराईड हे रंग सोडवणारे द्रावक सुमारे ४० अंश सेल्सिअसलाच उकळते, आणि जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात सावलीतला पाराच त्यापुढे जात असताना उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी अधिक तापतो. द्रावक रंगात मुरण्याआधीच उडून जाते, थर वाळून चिकटतो आणि घातक वाफ वाढते.

खात्रीसाठी भंगारातील रंगीत पत्र्याच्या दोन तुकड्यांवर, हातमोजे व चष्मा घालून, रिमूव्हरचा सारखाच जाड थर द्यावा. एक उन्हात, दुसरा मोकळ्या हवेत सकाळच्या सावलीत प्लास्टिकच्या कागदाखाली ठेवावा आणि अर्ध्या तासाने दोन्ही खरवडावेत. सावलीतला रंग सुरकुतून फुगलेला दिसेल.