कॅव्हिओली: पेशीपटलावरचे खळगे आणि त्यांची प्रथिनं

शाळेच्या पुस्तकात पेशीपटल म्हणजे एक गुळगुळीत रेघ असते. प्रत्यक्षात रक्तवाहिन्यांचं अस्तर, मेदपेशी आणि स्नायू यांच्या पटलावर आत गेलेले असंख्य खळगे असतात. त्यांची रुंदी साधारण ६० ते ८० नॅनोमीटर, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसणं शक्यच नव्हतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाती आल्यावर, १९५३ साली, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत जॉर्ज पलाडे यांनी ते केशवाहिन्यांच्या पेशींत टिपले. दोन वर्षांनी एइची यामादा या जपानी संशोधकाला उंदराच्या पित्ताशयात तेच खळगे दिसले. ‘छोट्या गुहा’ अशा अर्थाचं कॅव्हिओली हे नाव त्यांनी दिलेलं.

रक्तातले पदार्थ वाहिनीच्या भिंतीपलीकडे नेण्यासाठी हे खळगे असावेत, असा पलाडे यांचा कयास होता. तो दीर्घकाळ टिकला. टिकला याचं एक कारण असं की तो तपासायला काही साधनच नव्हतं. खळगे दिसत होते, पण ते कशाचे बनले आहेत हे कळल्याशिवाय पुढे जाणार कसं?

ते कळलं कर्करोगाच्या अभ्यासातून. कोंबड्यांमध्ये गाठी निर्माण करणाऱ्या राउस विषाणूमुळे पेशीतल्या कोणत्या प्रथिनांवर फॉस्फेट चढतं, याचा शोध जॉन ग्लेनी घेत होते. १९८९ साली त्यांना असं एक लहानसं प्रथिन सापडलं. १९९२ मध्ये डॅलसच्या रिचर्ड अँडरसन यांच्या गटाने दाखवून दिलं की हेच प्रथिन खळग्यांच्या आवरणात असतं, आणि त्याला कॅव्हिओलिन म्हटलं. त्याच वर्षी जर्मनीत हायडेलबर्गला काई सिमन्स यांच्या प्रयोगशाळेत, पेशीतल्या मालवाहू पुटिकांचा अभ्यास करताना, एक प्रथिन वेगळं काढलं गेलं. तेही हेच निघालं. निरनिराळ्या वाटांनी आलेले लोक एकाच प्रथिनाशी येऊन थांबले. काही वर्षांतच त्याची दोन भावंडंही मिळाली. त्यातलं कॅव्हिओलिन-३ मुख्यतः स्नायूंमधलं.

इथून पुढचा इतिहास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण प्रयोगशाळेला जे सुचत नव्हतं ते रुग्णांनी शिकवलं. १९९८ साली इटलीतल्या संशोधकांना कंबर आणि खांद्याजवळचे स्नायू दुबळे करणाऱ्या एका आनुवंशिक आजारात कॅव्हिओलिन-३ च्या जनुकात दोष आढळला. २००१ मध्ये त्याच जनुकातला दोष आणखी एका विचित्र आजारामागे निघाला. यात स्नायूवर टिचकी मारली की तिथे उंचवटा येतो आणि ताणल्यावर स्नायूभर लाटा पसरत जातात. नॉर्वेतल्या एका कुटुंबात असा आजार १९७५ सालीच नोंदवला गेला होता. कारण कळायला पाव शतक लागलं.

२००१ मध्येच कॅव्हिओलिन-१ नसलेले उंदीर तयार झाले. खळगे जर पेशीला इतके अत्यावश्यक, तर हे उंदीर जगणारच नाहीत असं वाटणं साहजिक होतं. ते जगले. त्यांच्या रक्तवाहिन्यांत एकही खळगा नव्हता. मात्र फुप्फुसांच्या भिंती जाड झाल्या होत्या आणि वाहिन्या सैल करणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडवरचा लगाम सुटला होता, कारण ते बनवणाऱ्या एन्झाइमला कॅव्हिओलिन-१ एरवी आवरून धरतं. चरबीयुक्त आहार देऊनही हे उंदीर लठ्ठ झाले नाहीत, उलट त्यांच्या रक्तात चरबी वाढली. मेदपेशींना ती साठवून ठेवणं जमत नव्हतं.

कॅव्हिओलिन एकट्याने खळगा घडवत नाही, हे २००८ साली स्पष्ट झालं. कॅव्हिन-१ हे दुसरं प्रथिन नसेल तर पटल सपाटच राहतं. पुढच्याच वर्षी जपानमधून बातमी आली: कॅव्हिन-१ च्या जनुकात दोष असलेल्या पाच रुग्णांच्या अंगावर चरबी जवळजवळ नव्हती आणि स्नायूही आजारी होते. मेद आणि स्नायू, दोन्ही एकाच दोषाने बिघडलेले. पण यांना जोडणारं काय?

पटणारं उत्तर २०११ साली पॅरिसच्या क्युरी संस्थेतून आलं. पेशी ताणली किंवा फुगवली की खळगे सपाट होतात आणि पटल न फाटता रुंदावतं. ताण गेला की ते पुन्हा तयार होतात. शिंपी शिवणीत माया ठेवतो, तसं हे जादाचं पटल. कॅव्हिओलिन-३ मध्ये दोष असलेल्या रुग्णांच्या स्नायूपेशींना हा ताण झेलता येत नाही, हेही त्यांनी दाखवलं. सतत आकुंचन पावणारा स्नायू, फुगणारी मेदपेशी, रक्ताचा दाब सोसणारी वाहिनी: खळगे नेमके इथेच सर्वाधिक का, याचा उलगडा त्यातून होतो. पलाडे यांचा वाहतुकीचा कयास पुरता मोडीत निघालेला नाही, पण आता तो एकमेव राहिला नाही.

सगळंच इतकं सरळ जुळलं असं नाही. कर्करोगात कॅव्हिओलिन-१ कुठे गाठीला अटकाव करताना दिसतं, तर कुठे, उदाहरणार्थ पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात, तिला साथ देताना. त्यामुळे ‘कर्करोग रोखणारं प्रथिन’ असं सरसकट वर्णन वाचलं की सावध व्हावं. फुप्फुसांतल्या रक्तदाबाच्या आनुवंशिक आजाराशी त्याचा संबंध २०१२ मध्ये जुळला. त्याच्या रचनेचं बारीक चित्र तर २०२२ मध्ये हाती आलं: अकरा रेणूंची एक सपाट चकती.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या गटाने लाटांच्या त्या स्नायुविकाराचा दुसरा प्रकार उलगडला. काही प्रौढ रुग्णांत जनुकं ठीक असतात, पण शरीरच स्नायूंतल्या कॅव्हिन-४ विरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. अशा रुग्णांपैकी अनेकांना प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधांनी आराम पडतो. जनुकातल्या दोषावर असा उपचार अजून नाही. म्हणून मोठेपणी ही लक्षणं दिसली, तर जनुकचाचणीबरोबर प्रतिपिंडांची तपासणीही करून घ्यायला हवी.