पार्श्वभूमी : १२० चा रोल आणि रेंजफाइंडर

पुण्यातील ज्या मध्यमवर्गीय घरांत एकेकाळी कॅमेरा होता, त्यांपैकी अनेक घरांत तो आग्फा क्लिक-३ असे. त्यात १२० चा रोल घातला की बारा चौरस फोटो मिळत, आणि गणपतीत घातलेला रोल पुष्कळदा दिवाळीला संपे. त्याच रोलवर चालणारा मीडियम फॉरमॅट (३५ मिमीपेक्षा मोठ्या निगेटिव्हचा) रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा, आज फिल्मकडे वळलेली मंडळी शोधू लागली आहेत. ‘कोणता घ्यावा’ या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र कॅमेऱ्यांच्या गुणदोषांच्या यादीपेक्षा ते कोणत्या काळात आणि कोणत्या गरजेतून घडले यात अधिक सापडते.

१२० हे माप कोडॅकने १९०१ मध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या ब्राउनी या पेटीवजा कॅमेऱ्यासाठी आणले. त्यानंतर आलेली अनेक मापे लयाला गेली. १९३२ मधील ६२० ची फिल्म तर १२० चीच होती. फक्त तिची रीळ बारीक होती, आणि ती १९९५ मध्ये बंद पडली. दुप्पट लांबीचा २२० चा रोल १९६५ मध्ये आला, तोही आता बाजारातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. त्यामुळे ‘यात २२० सुद्धा चालतो’ असे सांगून कोणी किंमत वाढवत असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करावे.

रेंजफाइंडर हे मुळात लष्कराचे उपकरण. बार आणि स्ट्राउड या ब्रिटिश जोडीने १८८८ मध्ये ब्रिटिश युद्धखात्यासाठी असे अंतरमापक करण्यास सुरुवात केली. एकमेकांपासून काही अंतरावर असलेल्या दोन खिडक्यांतून एकच वस्तू पाहायची आणि आरसा किंवा लोलक फिरवून दोन्ही प्रतिमा जुळवायच्या, की त्या कोनावरून अंतर कळते, हे त्यामागील तत्त्व आहे. खिडक्यांमधील अंतर जितके जास्त, तितके माप अचूक. युद्धनौकांवर हे अंतर काही मीटर असे, कॅमेऱ्यात ते काही सेंटिमीटरच मिळते. कोडॅकने १९१६ मध्ये हे उपकरण प्रथम कॅमेऱ्याच्या फोकसला जोडले. जर्मनीच्या लायकाने १९३२ मध्ये ते ३५ मिमीच्या छोट्या कॅमेऱ्यात बसवले आणि ते खऱ्या अर्थाने रुळले.

मोठ्या फिल्मपुढची अडचण निराळी होती. भात्याच्या, घडी होणाऱ्या कॅमेऱ्यात लेन्स एका हलत्या चौकटीवर असते; तिला शरीरातील अंतरमापकाशी पक्के जोडायचे कसे? झाइस इकॉनने १९३४ च्या सुपर इकोंटामध्ये लेन्सशेजारी फिरत्या काचेच्या पाचरींचा एक छोटा दांडा दिला आणि तो दातेरी चाकाने लेन्सच्या पुढच्या भिंगाला जोडला. जपानच्या मामियाने १९४० मध्ये प्रश्नच उलटा केला : लेन्स जागेवर ठेवून, मागच्या बाजूचे चाक फिरवले की फिल्मच पुढेमागे सरकेल अशी रचना मामिया सिक्समध्ये केली. मला स्वतःला ही युक्ती या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर वाटते. युद्धानंतर सोव्हिएत संघात सुपर इकोंटाच्या धर्तीवर मॉस्क्वा कॅमेरे निघाले. यांपैकी एखादा बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात दिसलाच, तर भावाची घासाघीस करण्याआधी भाता उघडून आत टॉर्च लावावा. घड्यांच्या कोपऱ्यांतून उजेडाचे ठिपके दिसले, तर तेच ठिपके फोटोतही उतरतील.

लेन्समागे हलता आरसा असलेल्या (एसएलआर) कॅमेऱ्यांनी, विशेषतः १९५७ च्या हॅसलब्लाड ५००सी नंतर, स्टुडिओ काबीज केला. तरीही रेंजफाइंडर टिकला, कारण तसा आरसा नसल्याने झटका बसत नाही आणि रुंद कोनाची लेन्स फिल्मच्या अगदी जवळ नेता येते. फुजीने १९६८ मध्ये जी६९० काढला, त्यात लेन्स बदलता येत असे. १९७८ चा जीडब्ल्यू६९० कायम बसवलेल्या ९० मिमी लेन्सचा होता. त्याची निगेटिव्ह ३५ मिमीच्या निगेटिव्हपेक्षा पाचपटींहून मोठी असते, पण एका रोलवर आठच फोटो मिळतात. त्याच्या अवाढव्य आकारामुळे त्याला गमतीने ‘टेक्सास लायका’ म्हणतात. त्यात बॅटरी नाही आणि लाइटमीटरही नाही.

नंतरच्या पिढीने हा आकार आटोक्यात आणला, पण इलेक्ट्रॉनिक शटरच्या मोबदल्यात. आत सरकणाऱ्या लेन्सचा, सहा बाय सहा सेंटिमीटर निगेटिव्हचा मामिया ६ हा १९८९ मध्ये आला आणि सहा बाय सातचा मामिया ७ हा १९९५ मध्ये. मामिया ७ ची ४३ मिमी लेन्स पाहिली की आरसा नसण्याचा फायदा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ब्रॉनिकाचा आरएफ६४५ इ.स. २००० मध्ये येऊन काही वर्षांतच बंद झाला. फुजीनेही २००८ मध्ये भात्याचा जीएफ६७० जाहीर केला. म्हणजे गाडी फिरून पुन्हा सुपर इकोंटाच्या वाटेवर आली.

मामिया ६ आणि ७ च्या लेन्सच्या दर्जाविषयी वाद नाही. मात्र बॅटरी संपली की त्यांचे शटर उघडत नाही आणि सर्किट गेले की सुट्या भागांसाठी दुसरा मेलेला कॅमेरा शोधावा लागतो. फुजीच्या जीडब्ल्यू६९० चे यांत्रिक शटर मात्र जाणत्या कारागिराला उघडून साफ करता येते. तेव्हा पहिलाच कॅमेरा घेणाऱ्या पुणेकराने, वजन सोसत असेल तर, तो फुजी घ्यावा असे माझे मत आहे. वाड्यांच्या अरुंद बोळांतून फिरणाऱ्याला ते वजन दुपारपर्यंत जाणवेल, हेही खरे.

कोणताही कॅमेरा घेताना लेन्स अनंताच्या (∞) खुणेवर ठेवून लांबच्या टोकदार वस्तूकडे पाहावे. शहराच्या नैऋत्येला असलेल्या एखाद्या उंच गच्चीवरून सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा यासाठी चांगला. त्याच्या दोन्ही प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या पाहिजेत. एक वर आणि एक खाली दिसली, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. पावसाळ्यात तो मनोरा बहुतेक वेळ ढगांत असतो, त्यामुळे ही पाहणी दिवाळीनंतरच्या स्वच्छ सकाळी केलेली बरी.