ईपीएफ आणि ईपीएस: एकाच पासबुकातील दोन वेगळे हिशेब

भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजे ईपीएफच्या पासबुकात दर महिन्यासमोर तीन रकमा दिसतात: कर्मचाऱ्याचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शनचा हिस्सा. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये असतील, तर या रकमा अनुक्रमे १,८००, ५५० आणि १,२५० असतात. माझ्या पगारातून १,८०० कापले, मग मालकाने ५५०च का भरले, ही तक्रार पगारपत्रक सांभाळणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेली असते. मालकानेही १,८००च भरलेले असतात. फक्त त्याने भरलेल्या वेतनाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के कर्मचारी पेन्शन योजनेत, म्हणजे ईपीएसमध्ये जातात आणि उरलेले ३.६७ टक्के ईपीएफमध्ये जमा होतात. कामगाराचे १२ टक्के मात्र पूर्णपणे ईपीएफचेच असतात.

ईपीएफचा हिशेब समजायला सोपा आहे. जी रक्कम भरली ती सभासदाच्या नावावर साठते, तिच्यावर दरवर्षी जाहीर होणाऱ्या दराने व्याज मिळते (२०२४-२५ साठी हा दर ८.२५ टक्के होता) आणि निवृत्तीच्या वेळी मुद्दल व व्याज एकरकमी हाती येते. स्वेच्छेने १२ टक्क्यांहून अधिक रक्कम कापून घेतली, तर तीही इथेच जमा होते.

ईपीएसमध्ये व्यक्तीच्या नावावर अशी शिल्लक नसतेच. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू असलेल्या या योजनेत सर्वांच्या वर्गण्या एका सामायिक निधीत जातात, केंद्र सरकार त्यात वेतनाच्या १.१६ टक्के भर घालते आणि सभासदाला मिळते ते सूत्राने ठरणारे मासिक पेन्शन: शेवटच्या ६० महिन्यांचे सरासरी वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. व्याजाचा इथे प्रश्नच येत नाही, आणि पासबुकातील पेन्शनच्या रकान्याची बेरीज करून ‘माझे इतके जमले’ असे म्हणण्यालाही फारसा अर्थ नाही. १५,००० रुपये सरासरी वेतनावर १४ वर्षे सेवा झालेल्या कामगाराला महिना ३,००० रुपये पेन्शन बसते. पेन्शनसाठी धरले जाणारे वेतन १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपयांवर थांबवलेले असल्याने, पगार ४०,००० असला तरी सर्वसाधारणपणे पेन्शनचा हिस्सा १,२५० च्या वर जात नाही. पेन्शनची रक्कम तुटपुंजी वाटते ती यामुळे, आणि ही तक्रार मला रास्त वाटते. पण योजनेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नोकरीत असताना सभासदाचा मृत्यू झाला, तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी त्याच्या पत्नीला पेन्शन सुरू होते. असे संरक्षण ईपीएफच्या शिल्लक रकमेतून मिळत नाही.

सर्वांत महागात पडणारा गोंधळ नोकरी बदलताना होतो. जुन्या कंपनीचे खाते नव्या कंपनीकडे वर्ग केले, की ईपीएफची रक्कम नव्या पासबुकात दिसते, पण पेन्शनच्या रकान्यात शून्य येते. पैसे बुडाले असे समजून माणसे हवालदिल होतात. वास्तविक ईपीएसमध्ये वर्ग होते ती सेवा, रक्कम नव्हे. त्यामुळे तपासायचे ते जुन्या नोकरीच्या तारखा नोंदीत बरोबर आल्या आहेत की नाही, एवढेच. याच्या उलट, ईपीएफ काढताना सोबत दहा-सी हा अर्ज भरून पेन्शनची रक्कमही उचलून टाकण्याची सवय पुष्कळांना असते. सेवा दहा वर्षांपेक्षा कमी असताना तसे करता येते, परंतु त्याबरोबर झालेली सेवाही पुसली जाते आणि पुढच्या नोकरीत मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आजन्म पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते, हे लक्षात घेता सात-आठ वर्षांवर असे करणे निव्वळ नुकसानीचे आहे. त्याच अर्जावर योजना प्रमाणपत्र मागता येते, आणि त्याने सेवा शाबूत राहते. दहा वर्षे पूर्ण झाल्यावर रक्कम उचलण्याचा मार्गच बंद होतो. पेन्शन ५८ व्या वर्षी मिळते, किंवा पन्नाशीनंतर लवकर हवे असल्यास प्रत्येक वर्षामागे ४ टक्के घट सोसून.

लहान व्यावसायिकाच्या बाजूने पाहिले, तर वीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेला दोन्ही योजना एकत्रच लागू होतात आणि महिन्याचे चलन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावे लागते. त्या चलनात ईपीएफ खाते क्रमांक १ मध्ये आणि पेन्शन खाते क्रमांक १० मध्ये वेगवेगळे जाते. चूक बहुधा इथेच होते. १ सप्टेंबर २०१४ नंतर प्रथमच सभासद होणाऱ्या आणि रुजू होतानाच १५,००० पेक्षा जास्त वेतन असलेल्या व्यक्तीला ईपीएस लागू नाही. तिच्यासाठी मालकाचे संपूर्ण १२ टक्के खाते क्रमांक १ मध्येच जायला हवेत. सवयीने १,२५० रुपये दहा नंबरला टाकले, तर वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही आणि पैसे काढायच्या वेळी दावा अडतो. म्हणून नव्या माणसाला घेताना तो पूर्वी ईपीएसचा सभासद होता का, हे लेखी विचारून ठेवावे.

प्राप्तिकराच्या बाबतीतही दोहोंची वाट वेगळी आहे. सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर काढलेली ईपीएफची रक्कम सहसा करमुक्त असते, आणि वर्ग केलेल्या खात्याची जुनी सेवाही त्या पाच वर्षांत धरली जाते. त्याआधी काढल्यास, आजारपण किंवा व्यवसाय बंद पडणे अशी कारणे वगळता, ती करपात्र ठरते. शिवाय कर्मचाऱ्याने स्वतः एका वर्षात अडीच लाखांहून जास्त भरल्यास त्या जादा रकमेवरील व्याजावर २०२१-२२ पासून कर लागतो. ईपीएसचे मासिक पेन्शन मात्र पहिल्या महिन्यापासून पगारासारखेच उत्पन्नात धरले जाते आणि विवरणपत्रात दाखवावे लागते, मग ते महिना हजार रुपये का असेना.